सुमन आत्याचं पान

‘सोमवारच्या आत आलात तर फार बरं होईल,’ असं त्या ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं. फिरायला मी एका पायावर तयार असते, पण कुणी वार ठरवून बोलावलं की माझं डोकं फिरतं. सोमवारी असं काय आहे? आणि ते सावरायला नाशिकची पन्नाशीची एक बाईच कशाला हवी?

पाठवणारीचं नाव नाझनीन. छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत ती गणित शिकवते आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. तिनं लिहिलं होतं, ‘माझी नानी ऐंशीच्या पुढची आहे, खुलताबादला असते. लहानपणी काही महिने ती तुमच्या गावात होती. तुमच्या आजीला ती ओळखायची. तुमचा पानाचा लेख मी तिला वाचून दाखवला, तेव्हापासून तुम्हाला बोलवा म्हणून मागे लागली आहे.’

पानाचा लेख म्हणजे गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला मी इथेच लिहिलेला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या घरी पितरांची पानं मांडतात तेव्हा सगळ्यांत शेवटी एक लहानसं पान असतं, सुमन आत्याचं. सुमन आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं लहानपण आजीच्या माहेरी, वैजापूरला गेलं. अठ्ठेचाळीस सालच्या हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिला गंगापूरकडच्या आमच्या गावी आणलं आणि त्याच हिवाळ्यात, सात वर्षांची असताना, ती थंडीतापानं गेली. वडिलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आजी होती तोवर या पानाला कावळा कधी शिवला नाही. आजी शेजारी काठी घेऊन बसायची, मांजर येतं म्हणायची, आणि शेवटी ते पान गाईपुढे जायचं. कावळा शिवत नाही म्हणजे पोरीची काही इच्छा राहिली असणार, असं म्हणून घरच्यांनी कबूल केलं की पुढे मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवू. ती मुलगी मी. माझ्या नावाची ही गोष्ट मी नेहमी रंगवून सांगते आणि तो लेखही तसाच हसतखेळत लिहिला होता.

म्हटलं, आजीच्या गावाकडच्या ओळखीची कुणी दिसते, दोन जुन्या गोष्टी कळतील, शिवाय वेरूळ होईल. शुक्रवारी सकाळी निघाले.

नाशिकहून येवला, वैजापूर करत एसटीनं पाच तास धरून चला. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा उगाच खासगी गाडीच्या नादी लागू नका. रस्ता बरा आहे, मधला एक तुकडा मात्र असा की पोटभर खाऊन बसलात तर पस्तावाल. वैजापूरला गाडी थांबली तेव्हा बाजार समितीकडून कांद्याचा उग्र वास थेट खिडकीत आला. शेजारी एक मावशी येऊन बसल्या. कुठून आलात, कुठं निघालात, पोरं किती, हे सगळं त्यांनी गाडी हलायच्या आत विचारून घेतलं. माझ्या आजीचं माहेर इथलंच, असं मी सांगितलं तर एकदम खूश झाल्या.

“मंग तुमी आमच्याच की! आमच्या हिकडच्या बाया लई घट्ट बघा. पोटातलं व्हटावर येऊ देत नाय.”

मी हसले. माझी आजी दिवसभर बडबडायची, त्यामुळे मला ते काही पटलं नाही.

दुपारी उतरले. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, रिक्षावाल्याच्या तोंडी औरंगाबाद, मला दोन्ही नावांनी लॉज सापडला. बसस्थानकाजवळ साधी स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळते, फक्त रस्त्याच्या बाजूची घेऊ नका. संध्याकाळी गुलमंडीवर भटकले. या शहरात येऊन मटणाचा नान-खलिया खाल्ला नाही तर काय केलं, असं मी दर वेळी लिहिते, पण श्रावण चालू होता आणि आमच्या घरी श्रावण पाळतात. मग गरम इमरती खाल्ल्या, तीन खाल्ल्या, आणि वडिलांना फोन लावला. वडील पंचाहत्तर वर्षांचे आहेत, मी त्यांना भाऊ म्हणते.

“खुलताबादला आपलं कोण गं?” त्यांनी विचारलं.

“कुणी आजी आहेत. आपल्या आजीला ओळखायच्या म्हणे.”

“असतील. आपल्या घराचं दार तेव्हा कुणालाच बंद नव्हतं. तुझे आजोबा कडी लावायचेच नाहीत.” हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे. भाऊ ते इतक्या अभिमानानं म्हणतात की ऐकताना माझीही मान ताठ होते.

शनिवारी सकाळी आठलाच वेरूळ गाठलं. दोन सूचना लिहून घ्या: लेणी मंगळवारी बंद असतात, आणि श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराच्या गर्दीमुळे गाव ओलांडायलाही तास लागतो. बसस्थानकातून जीप आणि एसटी दोन्ही मिळतात. दौलताबादच्या पुढच्या घाटात भाजलेली कणसं घ्याच. कैलास लेणं मी चौथ्यांदा पाहिलं आणि चौथ्यांदा माझी बोलती बंद झाली. डोंगर वरून खाली खोदत आणायचा, म्हणजे चुकलं तर परत जोडायची सोय नाही. तिथल्या पायरीवर बसून मी डब्यातला उपमा खाल्ला, हत्तीपाशी फोटो काढला आणि साडेअकराला खुलताबादची जीप पकडली. अगदी चार-पाच किलोमीटर, वीस रुपये. इथवरचा प्रवास तुम्ही कुणीही करू शकता. पुढचा माझ्या एकटीचाच होता.

नाझनीन वेशीपाशी उभी होती. गल्लीतून चालताना ती घाईघाईनं म्हणाली, “घरात माझे मामू असतील, अन्वरमामू. शिलाई मशीन दुरुस्त करतात. थोडे चिडलेत. मनावर घेऊ नका.”

मी तिला सोमवारचं विचारलं. “नानी सांगेल,” एवढंच म्हणून ती दारात शिरली.

पुढच्या खोलीत पलंगावर एक किडकिडीत म्हातारी बसली होती. अंगात पांढऱ्या बारीक फुलांचा लांब बाह्यांचा कुर्ता, डोक्यावर ओढणी, कपाळाच्या मधोमध एक जुना व्रण. तिनं मला खालून वर नीट पाहून घेतलं.

“ये. तूच व्हय ती, माझ्या नावाची?”

मला वाटलं, वयामुळे गल्लत होते आहे. नाझनीननं नानीचं नाव जुलेखा सांगितलं होतं. “नाही नानी, मी सुमन,” मी जरा मोठ्यानं म्हणाले.

“आगं तेच म्हंती मी.” तिनं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवली. सुरकुतलेल्या कातडीवर हिरवट, पसरलेली, पण चांगली वाचता येणारी तीन अक्षरं होती. सुमन. खाली गोंदणाचे पाच ठिपके.

माझ्या तोंडून काय निघावं? “आमची आत्या पण सुमन होती. ती लहानपणीच गेली.”

“कुटं गेली? ही काय हितं बसली.”

खरं सांगते, मला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा नाझनीननं पुढे केलेल्या खुर्चीत मी बसले. आणि पुढे मी जे बोलले ते आठवलं की आजही मला लाज वाटते. “पण आम्ही तुमचं पान वाढतो!” जिवंत माणसाला कुणी असं म्हणतं का?

म्हातारी मात्र तोंडाला ओढणी लावून हसली. “नाझूनं वाचून दाखवलं ना. इतके साल झाले, मी तुमच्याकडं जेवून राह्यले अन् मला खबर नाय.”

मग तिनं सांगितलं. ती हळू आणि सरळ बोलत होती, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी. तिचे अब्बा पिंजारी, शेजारच्या गावचे. आमच्या घरच्या गाद्या तेच पिंजायचे, त्यामुळे आजोबांची ओळख. आई आधीच वारली होती. पोलीस ॲक्शन झाली, रझाकारांचा जोर संपला, आणि आता ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशांच्या घरांवरही लोक चालून जायला लागले. अब्बा तिला कडेवर घेऊन कपाशीतून पळत आमच्या दारात आले.

“तुझ्या आज्यानं दार उघडलं. मला अब्बांच्या हातातून घेतलं. अन् कडी लावली.”

“आणि अब्बा?”

“भायेर.”

आजोबा कडी लावायचेच नाहीत, हे भाऊंचं आदल्या रात्रीचं वाक्य माझ्या कानात तसंच वाजत होतं.

“लेकरू लपवता यील, गडीमाणूस कसा लपवू, असं म्हनले त्ये,” नानी म्हणाली. “मला कणगीत बशीवलं. मायनं, म्हंजी तुझ्या आजीनं, आत उतरून माझे कान दाबून धरले. लई येळ. अब्बा परत दिसले नाय.”

“कोण होते ते लोक?” मी विचारलं.

“दोन्ही गावचे व्हते. नावं हायेत माझ्याकडं. देऊ?” ती थांबली. “नको. तुमचं जाणं-येणं असंल तिथं. त्यांची नातवंडं काय करतील बिचारी.”

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आजोबांवर चिडावं तर ही बाई त्यांच्यामुळे माझ्यासमोर बसलेली. न चिडावं तर बंद दाराबाहेर उभा असलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. मी तिला सरळच विचारलं, “तुम्ही माफ केलंत का आजोबांना?”

“केलं बी, नाय बी. ज्या दिशी जसं आठवंल तसं.”

दुसऱ्याच दिवशी गोंदणारी बाई घरी बोलावली गेली. घरोघर झडती होत होती, आणि हातावर देवनागरी नाव, कपाळावर गोंदण असलेल्या पोरीवर कुणी संशय घेणार नव्हतं. ही वैजापूरला वाढलेली आमची थोरली, असं गावाला सांगायचं ठरलं. आजीनं तिला मांडीत घट्ट धरलं, तोंडात गुळाचा खडा दिला. “सुई टोचत व्हती मला, अन् रडत व्हती माय. मी तिला म्हनले, तू का रडती?” कपाळावरचा ठिपका तिनं पुढे खुलताबादला आल्यावर दगडानं घासून काढला. हातावरचं गोंदण राहू दिलं.

“गावाला खरं वाटलं?” मी विचारलं.

“आर्ध्या गावाला वाटलं. आर्ध्यांनी वाटून घेतलं. पिंजाऱ्याची पोर मला समदेच वळखत व्हते की. शेजारची म्हातारी रोज याची अन् मोठ्यानं म्हनायची, सुमे, वैजापूरची आठवन येती का गं?”

ज्वारी निघाली तेव्हा आजोबा स्वतः खुलताबादला येऊन तिच्या चाचांना शोधून गेले आणि एका बाजाराच्या दिवशी तिला त्यांच्या हवाली केलं. आता गावाला काय सांगायचं? पोर थंडीतापानं गेली, वैजापूरलाच सगळं उरकलं. आणि पोर गेली म्हटल्यावर शेजारपाजारच्या समोर पुढचं सगळं करणं आलं. दहावं झालं, तेरावं झालं, आणि दरवर्षीचं पान सुरू झालं. चाचांना आजोबांनी सांगितलं होतं, इकडे फिरकू नका, ती माणसं अजून गावातच आहेत.

“एकदाच दिसली माय,” नानी म्हणाली. “माझं लगीन झाल्यावर. गंगापूरच्या बाजारात मिरच्या घेत व्हती. मी बुरख्यात. जवळ गेले अन् हात पुढं केला. तिनं हातावरनं हात फिरवला, मिरच्या पिशवीत भरल्या अन् गेली. बोलली नाय. बोलली असती तर तिथंच बसून रडली असती.”

एसटीतल्या मावशी मला तेव्हा आठवल्या. दिवसभर बडबडणारी माझी आजी एवढी एक गोष्ट पोटात घेऊन गेली. नवऱ्याखेरीज कुणाजवळ बोलली नाही. पोटच्या मुलालाही कधी कळू दिलं नाही.

आणि आता सोमवार. नानी पुढच्या महिन्यात मक्केला, उमराहला निघाली होती आणि अन्वरभाईंनी शहरातल्या एका दवाखान्यात हातावरचं गोंदण मशीननं काढून टाकायची वेळ घेतली होती. नानी नाही म्हणत होती. ते ऐकत नव्हते. नाझनीनला दुसरा उपाय दिसेना म्हणून तिनं मला बोलावलं होतं.

अन्वरभाई इतका वेळ दाराशी उभे होते. साठीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. “देखो ताई, मी काय आईचा दुश्मन हाय का? शाळेत पोरं मला चिडवायची, तेरी अम्मा के नाम कितने रे? घरात एक, हातावर एक. शादीब्याहमधे बाया हिचा हात धरून विचारायच्या. जिंदगीभर जवाब देत आली. आता अल्लाच्या घरी जाऊन बी जवाब देत बसायचं का?”

“पण ती सांगते ते खरं आहे,” मी म्हणाले.

“तुमचा तो लेख मी बी वाचला. गाव लिव्हलंय, आजीचं नाव लिव्हलंय, सुमन लिव्हलंय. त्यावरनं कोनी बी जोडून सांगंल. नाझू मला फसवायला बघती, अन् अम्मा तर माझ्या लहानपणापासून सांगती, कवा हे, कवा ते.”

नानीनं बाही खाली ओढली. “हात माझा हाय,” ती म्हणाली, पण हळू. ती थकली होती. साठ वर्षं स्वतःच्या मुलाला खरं पटवणं म्हणजे काय असतं ते मला तिच्या त्या बाही ओढण्यात दिसलं. माझ्याजवळ पुरावा म्हणून काय होतं? आधार कार्डावरचं माझं नाव, बस.

मग अन्वरभाईच म्हणाले, “तुमच्या वालिदांना फोन लावा. काय सांगू नका. मी येकच सवाल विचारतो.”

मी स्पीकर लावला. भाऊ चहा पीत होते. म्हटलं, भाऊ, इथले एक जण तुम्हाला काही विचारतात, तेवढं सांगा.

“साहेब,” अन्वरभाई म्हणाले, “तुमच्या बहिणीच्या पानात काय वाढता तुमी?”

“अं? तिच्या पानात पुरणपोळी नसते,” भाऊ बेसावधपणे म्हणाले. “सगळ्यांना असते, तिला नाही. आईनं घालून दिलं तसं चालू आहे. लहानसं धपाटं असतं. उरलेल्या पिठाचं, शेवटी तव्यावर टाकतात ते. मधे बोटानं भोक पाडलेलं. का हो?”

हे मी लेखात लिहिलं नव्हतं. लिहावंसं वाटलंच नव्हतं, इतकी ती आमच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. अन्वरभाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग ते आईसमोर जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखं उजव्या हाताचं एक बोट वर करून तिला दाखवलं.

“अंगठी,” ते म्हणाले. “अम्मा, तू मला करून द्यायची ना. बोटात घालून खायचो मी.”

“मला मायनं दिलेली,” नानी म्हणाली. “गोंदला हात सुजला व्हता, दोन हातांनी धपाटं मोडता येत न्हवतं म्हनून तिनं तसं केलं. दुसऱ्या हाताच्या बोटात घालून खा म्हनली.”

फोनमधून भाऊंचा आवाज येत राहिला, “हॅलो? सुमन? आहेस का?”

“हाय,” नानी म्हणाली.

“सुमन, आवाजाला काय झालं तुझ्या?”

तिनं फोन जवळ घेतला. “भाऊ, मी थोरली सुमन. मी मेले नाय रे.”

भाऊंना ते कळायला बराच वेळ लागला. मी समजावलं, नाझनीननं समजावलं, शेवटी अन्वरभाईंनी समजावलं. त्यांनी एकच विचारलं, “माझी बहीण जिवंत आहे?” आणि फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत केला आणि नुसते रडत राहिले. पंचाहत्तर वर्षांच्या बापाला असं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अन्वरभाई तेवढ्यात बाहेर जाऊन दवाखान्याला फोन करून आले. सोमवारची वेळ रद्द. “हात तिचा हाय,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले आणि आतून ताटं आणायला गेले.

जेवायला वरण, भात, मेथीची भाजी आणि धपाटी होती. मी बघतेय हे नानीच्या लक्षात आलं. “सावन हाय ना. तुमच्याकडं पाळतात. काल सांगून ठिवलं, घरात गोश्त आणू नगा.” मी तिच्याकडून हे ऐकलं आणि पहिला घास तोंडात घालून चक्क हुंदके देऊन रडले. इतका वेळ डोळे कोरडे होते आणि मेथीच्या भाजीवर रडू फुटलं.

रविवारी परतायचं होतं, पण मी सरळ घरी गेले नाही. गंगापूरला उतरून काळीपिवळी जीपनं आमच्या गावी गेले. गंगापूरची एसटी दर थोड्या वेळानं आहे, पुढे मात्र जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा. आमचं घर विकून तीसेक वर्षं झाली. तिथं आता खत-बियाण्याचं दुकान आहे, दाराच्या जागी लोखंडी शटर. शेजारच्या पारावर एक खूप म्हातारे बाबा बसले होते. मी ओळख सांगितली, बोलता बोलता सुमन आत्याचं नाव काढलं.

“सुमी व्हय? वैजापूरला वाढलेली,” ते लगेच म्हणाले. “थंडीतापानं गेली बिचारी.”

ते मला सांगत होते की माझ्यापासून लपवत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. एवढ्या वर्षांनंतरही त्या गावानं ती थाप जशीच्या तशी जपून ठेवली होती. मी त्यांना खरं सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि शटरसमोर थोडा वेळ उभी राहिले. एकाला आत घेऊन दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायची वेळ माझ्यावर आली तर मी काय करीन, हे मला त्या उन्हात उभं राहून ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

घरी पोचले तर भाऊ दारातच बसलेले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कडीचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी भलतंच विचारलं.

“तू त्या लेखात लिहिलंस, आई मांजरासाठी काठी घेऊन बसायची म्हणून. आपल्याकडे मांजर कुठं होतं? आईला आवडायचंच नाही.”

“मग?”

“कावळ्यालाच हाकलायची ती. मी पाहिलंय. आला की काठी उगारायची आणि म्हणायची, अजून नाही, अजून नाही. मला वाटायचं, नैवेद्य दाखवायचा राहिला असेल.”

ज्या गोष्टीवरून मी वर्षानुवर्षं लोकांना हसवलं, ती अशी होती. आपली पोर जिवंत आहे हे फक्त तिला आणि आजोबांना ठाऊक. गावासाठी पान मांडायचं आणि कावळा शिवू नये म्हणून स्वतः राखण करायची. आजी गेली त्या वर्षी राखायला कुणी उरलं नाही, कावळा पहिल्या फटक्यात शिवला, आणि माझ्या आईनं हात जोडले की आत्या तृप्त झाली. खुलताबादला तेव्हा नानी तीन पोरांच्या शाळेच्या डब्यांची घाई करत असणार.

हे पान बंद करायला हवं, यावर घरात एकमत झालं. पण भाऊंना नुसतं बंद करणं पटेना. सर्वपित्रीपर्यंत नानी उमराह करून परतली होती. त्या दिवशी पहाटे आईनं धपाटी केली, शेवटच्या पिठाचं लहान केलं, भोक मी पाडलं. डबा घेऊन भाऊ सकाळच्या एसटीनं एकटेच खुलताबादला गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, “माझी बहीण आहे. मला जाऊ दे.”

घरी बाकीची पानं मी गॅलरीत मांडली. आजोबांचं मांडताना हात थोडा थांबला, पण मांडलं. दीडच्या सुमारास फोन आला.

“जेवली गं,” भाऊ म्हणाले. “बोटात घालून जेवली. अन्वरलाही अर्धं दिलं.”

फोन ठेवून मी बाहेर आले. कावळ्यानं सगळी पानं उरकली होती आणि आता तो कठड्यावरून कडेच्या रिकाम्या जागेकडे मान वाकडी करून बघत होता. दरवर्षी तिथं एक लहान पान असतं हे त्याला माहीत असावं.

“अजून नाही,” मी त्याला म्हटलं.